एल्सा लाउला : हिमप्रदेशातील स्वाभिमानी चळवळीची आई

स्त्री-पुरुष समानतेच्या जागतिक याद्या प्रसिद्ध होतात, तेव्हा नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांची नावे नेहमी वरच्या क्रमांकावर असतात. आपल्याकडचे विचारवंतही उठता-बसता त्या देशांचे दाखले देतात. दाखले खोटे नाहीत. पण याच देशांच्या उत्तरेला, हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो अशा प्रदेशात सामी नावाचा आदिवासी समाज शतकानुशतके राहतो. त्या समाजातील स्त्रियांच्या वाट्याला ही समानता कधी आली, किती आली आणि कोणी झगडून मिळवली, हे मात्र कोणी सांगत नाही. मुख्य प्रवाहाचा इतिहास सगळीकडे सारखाच लिहिला जातो. म्हणून आज आम्ही एल्सा लाउला रेनबर्ग या सामी स्त्रीची जीवनकहाणी चळवळीच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

सामी लोक आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प अशा चार देशांत विभागलेले आहेत. त्यांच्यासाठी ती सारी भूमी एकच, तिचे नाव साप्मी. रेनडिअर पाळणे, मासेमारी आणि शिकार हे त्यांचे पूर्वापार व्यवसाय. बाहेरच्या लोकांनी त्यांना नाव दिले लॅप. ते नाव हिणवण्यासाठी वापरले जाई. सत्ता ज्याच्या हाती तो दुसऱ्याचे नाव ठरवतो आणि ते नाव मग जनगणनेत, कायद्यात, शाळेच्या दाखल्यात चढते. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

एल्सा लाउला यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७७ रोजी उत्तर स्वीडनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी कुटुंबात झाला. विल्हेल्मिनाजवळच्या डिकानेस भागात त्या वाढल्या. तो काळ सामी समाजाच्या जमिनी हातातून निसटण्याचा होता. पूर्वी सामी कुटुंबे आपापल्या जमिनीचा कर भरत आणि स्थानिक न्यायालये त्या जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य करीत. पुढे शासनाने दक्षिणेकडून शेतकरी आणून वसवले, त्यांना सवलती दिल्या आणि सामींच्या जमिनी सरकारी ठरवल्या. १८८६ साली स्वीडनने रेनडिअर चराईचा कायदा केला. त्याने कुटुंबाचा जमिनीवरचा हक्क गेला आणि त्या जागी फक्त चराईचा सामूहिक हक्क उरला. नॉर्वेतही तेच. १८८३ च्या कायद्याने एखाद्या शेतकऱ्याच्या पिकाचे रेनडिअरने नुकसान केले, तर त्या भागातील सगळ्या सामींना मिळून भरपाई द्यावी लागे. कळप कोणाचा आणि चूक कोणाची, याची शहानिशा करण्याची गरज नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी जमातीला दंड! इंग्रजांनी आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच जातकुळीचा हा कायदा.

अशा परिस्थितीत एल्सा शिकल्या. राजधानी स्टॉकहोममध्ये जाऊन त्यांनी सुईणीचे रीतसर शिक्षण घेतले. त्या काळी सामी मुलीने इतके शिकणे हीच मोठी गोष्ट होती. सुईणीचा पेशा म्हणजे घराघरात प्रवेश. बाळंतिणीची उपासमार, तान्ह्या मुलांचे मृत्यू, कर्जबाजारी घराची अवस्था सुईणीइतकी जवळून कोणी पाहात नाही. जमीन गेली म्हणजे नेमके काय गेले, हे सरकारी कागदांपेक्षा बाळंतिणीच्या खोलीत जास्त स्पष्ट दिसते.

१९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एल्सा यांनी दोन कामे केली. स्टॉकहोममध्ये सामींची पहिली मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्ष झाल्या एल्सा. त्याच वर्षी त्यांनी स्वीडिश भाषेत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जीवन समोर आहे की मरण, असा प्रश्न तिच्या शीर्षकातच होता. सुमारे तीस पानांची ही पुस्तिका म्हणजे सामी स्त्रीचे छापून आलेले पहिले लिखाण मानले जाते. त्यात रडगाणे नव्हते, दयेची याचना नव्हती. जमीन मूळची कोणाची होती, ती कोणत्या मार्गाने काढून घेतली गेली, सामी मुलांना निकृष्ट शाळा का मिळतात, कायदे करणाऱ्या सभागृहात सामींचा आवाज का नाही, हे प्रश्न त्यांनी मुद्देसूद मांडले. शिक्षण, संघटन आणि हक्कासाठी लढा या तीन गोष्टींवाचून आपला समाज टिकणार नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. वाचकांना इथे वेगळे काही सांगण्याची गरज नाही.

राज्यकर्त्यांचे आणि चर्चमधील पुढाऱ्यांचे मत याच्या अगदी उलट होते. सामींनी सामीच राहावे, अशी त्यांची भूमिका. ऐकायला ती संस्कृतिरक्षणाची वाटते. तिचा अर्थ मात्र असा होता की सामी माणसाने तंबूत राहावे, रेनडिअर चारावेत आणि शिकून-सवरून गोऱ्यांच्या बरोबरीला येऊ नये. १९१३ साली स्वीडनने भटक्या सामींच्या मुलांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा केला. लहान मुलांना तंबूतच शिकवायचे, तेही थोडे आणि थोडे दिवस. पक्क्या इमारतीत बसून जास्त शिकले तर ही मुले पहाडाकडे परत जाणार नाहीत, अशी भीती. नॉर्वेने दुसरा मार्ग धरला. तिथे सामी भाषा शाळेतून हद्दपार झाली. उत्तरेच्या फिनमार्क प्रांतात १९०२ च्या कायद्याने नॉर्वेजियन भाषा बोलता, लिहिता, वाचता येणाऱ्यालाच सरकारी जमीन विकत घेता येऊ लागली. एका देशाने सांगितले, तुम्ही आमच्यासारखे व्हायचे नाही. दुसऱ्याने सांगितले, तुम्ही तुमच्यासारखे राहायचे नाही. दोन्हीकडे निर्णय घेणारा परकाच. अस्पृश्याने पायरीने राहावे असे म्हणणारे आणि त्याने आपले वेगळेपण विसरून आमच्यात विरघळून जावे असे म्हणणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपणही पाहिले आहेत.

एल्सा यांची ती पहिली संघटना फार वर्षे टिकली नाही. विखुरलेला समाज, शेकडो मैलांचे अंतर, पैशाची चणचण. १९०८ साली त्यांनी थॉमस रेनबर्ग या रेनडिअरपालकाशी विवाह केला आणि सीमेपलीकडे नॉर्वेच्या नूरलान प्रांतात, टोव्हेन पर्वताच्या परिसरात राहायला गेल्या. लग्न झाले, मुलेबाळे झाली, कळप सांभाळायचा, म्हणजे आता सार्वजनिक जीवन संपले, असे कोणालाही वाटले असते. आपल्या चळवळीतल्या किती हुशार मुलींची वाटचाल लग्नाच्या मांडवापाशी थांबली, ते आठवून पाहावे. एल्सा यांच्या बाबतीत उलट घडले. त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम लग्नानंतरच झाले.

१९१० साली त्यांनी ब्रुरस्कांकेन या पहाडाच्या नावाने सामी महिलांची संघटना उभी केली. ही घटना नीट समजून घेतली पाहिजे. सामी समाजाच्या पारंपरिक जीवनात स्त्रीचे स्थान दुय्यम नव्हते, निदान मालमत्तेच्या बाबतीत नव्हते. रेनडिअरच्या कानावर मालकाची विशिष्ट खूण कापलेली असते. अशी स्वतःची खूण मुलीलाही मिळे. बाळाला पहिला दात आला की ज्याला तो प्रथम दिसेल त्याने बाळाला रेनडिअर भेट द्यावा, अशी प्रथा होती आणि बाळ मुलगी असले तरी तीच प्रथा. लग्न होऊन सासरी गेली तरी तिचे जनावर तिचेच राही. कळप राखणे, दूध काढणे, कातडी कमावणे, हिमात अंगावर टिकतील असे कपडे शिवणे या सगळ्यावर घर चाले आणि त्या कामाला समाजात किंमत होती.

हे बिघडवले परक्या कायद्याने. सरकारी अधिकारी आला की त्याने कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे नाव लिहिले. स्वीडनच्या १९२८ च्या रेनडिअर चराई कायद्याने तर कहर केला. चराईचा हक्क नसलेल्या पुरुषाशी सामी स्त्रीने लग्न केले, तर तिचा स्वतःचा हक्क संपुष्टात येई. सामी पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचा हक्क अबाधित. ही तरतूद १९७१ च्या नव्या कायद्यापर्यंत चालू राहिली. नॉर्वेत १९७८ च्या कायद्याने रेनडिअर व्यवसायाचा एक घटक आणि त्याचा एक प्रमुख अशी पद्धत आणली. कागदावर प्रमुख बहुतेक ठिकाणी नवराच झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची खूण असलेली बाई कायद्याच्या नजरेत नवऱ्याच्या कळपातील मदतनीस ठरली. समानतेसाठी नावाजलेल्या देशांनी आपल्या हाताने आदिवासी स्त्रीची समानता काढून घेतली. नॉर्वेतील सर्व स्त्रियांना १९१३ साली मतदानाचा हक्क मिळाला, याचा तिथे सार्थ अभिमान बाळगला जातो. पण मतपेटीपर्यंत पोचलेली समानता कळपापर्यंत आणि जमिनीपर्यंत पोचायला किती उशीर लागला, तेही त्या इतिहासात लिहिले पाहिजे.

आम्ही न्यायालयात रोज पाहतो. बापाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर भावांची नावे चढतात आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, मुलीला जन्मतः समान हिस्सा दिला. पण मिळालेला हिस्सा प्रेमापोटी सोडायला लावणारी व्यवस्था बदललेली नाही, आणि यात बौद्ध घरेही मागे नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते. ज्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच प्रश्नावर त्यांच्या अनुयायांच्या घरात बहिणीची सही घेतली जाते!

आता पुन्हा एल्सा यांच्याकडे वळू. ब्रुरस्कांकेनच्या महिला मंडळाने गावपातळीवर थांबायचे नाही असे ठरवले. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या सर्व सामींची एक परिषद भरवावी, अशी कल्पना पुढे आली. तयारीची सूत्रे एल्सा यांनी हाती घेतली. ट्रॉन्डहाइम शहर ठरले. ६ ते ९ फेब्रुवारी १९१७ या काळात तिथल्या मेथॉडिस्ट चर्चच्या सभागृहात सुमारे दीडशे सामी स्त्री-पुरुष जमले. फेब्रुवारी महिना, चहूकडे बर्फ, युरोपात महायुद्ध पेटलेले. अशा दिवसांत दूरदूरच्या पहाडांतून ही माणसे आली. दोन देशांतले सामी एकत्र बसून आपल्या प्रश्नांवर विचार करीत आहेत, असे इतिहासात प्रथमच घडत होते. परिषदेचे उद्‍घाटन एल्सा यांनी केले. रेनडिअर व्यवसाय, कायदे, शाळा आणि संघटना हे चर्चेचे मुख्य विषय. आपल्या उद्‍घाटनाच्या भाषणात त्यांनी एकजुटीची गरज सांगितलीच, शिवाय या कामात स्त्रियांनी मागे राहता कामा नये असा आग्रह धरला. तो आग्रह धरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, कारण परिषदेची हाकच मुळी महिलांनी दिलेली होती.

त्या दिवसांत बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. या दोन चळवळींचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण पंचवीस वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली आणि बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा आपला निकष तिथे मांडला. ट्रॉन्डहाइमच्या सभागृहात महिला मंडळाने जे करून दाखवले, त्याच विचाराची ही मांडणी होती. पिळलेल्या समाजातील स्त्री दोन जोखडे वाहते. म्हणून ती उठली की दोन्ही जोखडे हलतात.

परिषदेनंतर मार्ग सोपा झाला नाही. १९२२ साली स्वीडनने उप्सालात वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था काढली. हर्मन लुंडबोर्ग हा तिचा प्रमुख. सामींच्या कवट्या मोजल्या गेल्या, स्त्री-पुरुषांना आणि मुलांना विवस्त्र करून छायाचित्रे घेतली गेली, आणि या समाजाचे कनिष्ठत्व शास्त्राच्या नावाने सिद्ध करण्याचा खटाटोप झाला. आपल्याकडे रिस्लेने नाके मोजून जातींची प्रतवारी लावली होती, त्यातलाच हा प्रकार. सामींच्या संघटनाही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विस्कळीत झाल्या. एल्सा कळप, संसार आणि समाजाचे काम एकाच वेळी ओढत राहिल्या. २२ जुलै १९३१ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. क्षय हा तेव्हा गरिबीचा आजार. समाजासाठी झिजणाऱ्या किती कार्यकर्त्यांना त्याने नेले, आपल्याला माहीत आहे.

पण पेरलेले वाया गेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सामी संघटना पुन्हा उभ्या राहिल्या. १९५६ साली सामींची आंतरदेशीय परिषद अस्तित्वात आली. नॉर्वेत १९८९ साली आणि स्वीडनमध्ये १९९३ साली सामी संसद सुरू झाली. १९९२ साली हेलसिंकीच्या परिषदेत ६ फेब्रुवारी हा सामींचा राष्ट्रीय दिन ठरवण्यात आला आणि पुढच्या वर्षापासून तो साजरा होऊ लागला. म्हणजे एका महिला मंडळाने हाक दिलेल्या परिषदेचा पहिला दिवस हाच आज चार देशांतील सामींचा राष्ट्रीय दिन आहे. मात्र नॉर्वेच्या सामी संसदेला पहिली महिला अध्यक्ष मिळायला २००५ साल उजाडावे लागले. चळवळीची सुरुवात स्त्रियांनी केली, खुर्च्या तयार झाल्यावर त्यांवर पुरुष बसले, हा क्रम तिथेही चुकला नाही.

आणखी एक कटू गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. एल्सा जिथे राहिल्या त्याच नूरलान प्रांतात टिसफ्योर नावाची, सुमारे दोन हजार वस्तीची नगरपालिका होती. २०१६ साली तिथल्या स्त्री-पुरुषांनी आपल्यावरील लैंगिक अत्याचारांना वर्तमानपत्रातून वाचा फोडली. २०१७ साली पोलिसांनी दिलेल्या अहवालात अनेक दशकांतील १५१ प्रकरणे पुढे आली. पीडितांत आणि आरोपींत सामीही होते, नॉर्वेजियनही होते. इतकी वर्षे कोणी बोलले का नाही? परक्या पोलिसांवर, परक्या यंत्रणेवर समाजाचा विश्वास नव्हता, हे एक कारण. तो अविश्वास राज्यकर्त्यांनीच कमावलेला होता. दुसरे कारण घरातले. नात्यागोत्याचा आणि धार्मिक मंडळींचा दबाव, समाजाची बदनामी होईल ही भीती. आधीच आपल्याकडे बोट दाखवले जाते, त्यात आपणच आपली लक्तरे का टांगायची, असे म्हणून बाईला गप्प बसवले जाते. या दडपणाची धग आपल्या वस्त्यांनाही ठाऊक आहे. समाजाच्या अब्रूचे ओझे बाईच्या मौनावर ठेवणारी चळवळ स्वाभिमानी म्हणवून घेऊ शकत नाही. पीडित समाजातही महिलांची स्वतंत्र संघटना का हवी, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते असेल?

एल्सा यांच्या दक्षिण सामी भूमीत लढा अजून संपलेला नाही. ट्रॉन्डहाइमजवळच्या फोसेन भागात सामींच्या हिवाळी कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या परवानग्या आंतरराष्ट्रीय कराराचा भंग करणाऱ्या, म्हणून अवैध ठरवल्या. निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. तेव्हा, निकालाला पाचशे दिवस झाल्यावर, २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोत मंत्रालयांची दारे अडवून धरली. एला मारी हेट्टा इसाक्सेन ही सामी गायिका त्या आंदोलनात पुढे होती. अखेर सरकारला मानवी हक्कांचा भंग झाल्याबद्दल माफी मागावी लागली. न्यायालयाचा निकाल हातात पडला म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही, त्यासाठी रस्त्यावर उभी राहणारी माणसे लागतात. वकील असूनही, किंबहुना वकील असल्यामुळेच, आम्ही हे सांगतो.

एल्सा यांचे चरित्र सांगून हात जोडावेत आणि मोकळे व्हावे, यासाठी हा लेखनप्रपंच नाही. आपल्याकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंनी जमणारा समुदाय पाहा. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडे, दोन दिवसांची भाकरी बांधून आलेल्या आया-बहिणी त्यात मोठ्या संख्येने असतात. मैदान त्या भरतात. व्यासपीठावर मात्र किती असतात? गावातल्या विहार समितीत, जयंती मंडळात, पक्षाच्या आणि संघटनांच्या कार्यकारिणीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार किती स्त्रिया आहेत? पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्यासाठी आणि वंदना म्हणण्यासाठी त्यांना पुढे बोलवायचे आणि ठराव मात्र रात्री पुरुषांनी बसून करायचे, हे किती दिवस चालणार?

येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक विहारात एवढे तरी व्हावे. महिला मंडळाला स्वतःचा हिशेब, स्वतःची बैठक आणि स्वतःचा ठराव करण्याचा अधिकार द्यावा. विहार समितीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात, आणि त्यात अध्यक्षपद वगळू नये. वस्तीतील अत्याचाराची तक्रार समाजाच्या बदनामीचे कारण सांगून मिटवली जाणार नाही, असा जाहीर ठराव करावा. आणि ज्या घरात बहिणीचे हक्कसोडपत्र घेतले गेले असेल, त्या घराने तिचा हिस्सा तिला सन्मानाने परत करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका सामी सुईणीने आपल्या समाजाला जीवन की मरण असा प्रश्न केला आणि उत्तराची सुरुवात महिलांच्या संघटनेपासून केली. हिमप्रदेशातील त्या स्वाभिमानी मातेला आमचे विनम्र अभिवादन. जय भीम.